सशाच्या डोळ्यांचे संसर्ग : कारणे, निदान आणि उपचार

पाळीव सशाच्या डोळ्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला की त्याचे ‘डोळे आले’ असे सरसकट म्हटले जाते आणि माणसांसाठीचे थेंब त्याच्या डोळ्यांत घातले जातात. परंतु पशुवैद्यकीय अनुभव असा आहे, की सशाच्या बाबतीत डोळ्यातच सुरू होऊन डोळ्यापुरताच राहणारा संसर्ग तुलनेने कमी वेळा आढळतो आणि डोळ्यात दिसणाऱ्या पुवाचे मूळ पुष्कळदा दातांच्या मुळांशी, नाकात, पिंजऱ्यातील ओल्या अंथरुणात किंवा रोजच्या आहारात असते. हे मूळ शोधले नाही तर थेंबांनी चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी डोळा पुन्हा गळू लागतो. म्हणून या आजारांचा विचार करताना डोळ्याइतकेच लक्ष डोळ्याच्या शेजारपाजारच्या अवयवांकडे द्यावे लागते.

घरोघरी पाळला जाणारा ससा हा युरोपीय रानसशाचा वंशज आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसणारा ससा ही निराळी जात असून वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती पाळता येत नाही. पाळीव सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, उंचावर आणि बरेच बाहेर आलेले असतात. भक्ष्य म्हणून जगणाऱ्या प्राण्याला जवळजवळ चौफेर दिसावे अशी ही रचना आहे, पण तिच्यामुळेच डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, गवताच्या काडीला, पिंजऱ्याच्या तारेला किंवा दुसऱ्या सशाच्या नखाला सहज लागतो. ससा पापण्याही फार कमी मिटतो; तासाभरात दहा-बारा वेळा मिटल्या तर पुष्कळ. तरीही डोळा कोरडा पडत नाही, कारण आतल्या कोपऱ्यातील तिसऱ्या पापणीच्या मागे असलेली हार्डेरियन नावाची मोठी ग्रंथी तेलकट, किंचित दुधाळ स्राव सोडत असते आणि हा स्राव अश्रूंचा थर लवकर वाळू देत नाही. सशाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात क्वचित दिसणारा पातळ पांढुरका ओलावा म्हणूनच दर वेळी पू असतो असे नाही. पांढऱ्या सशांचे डोळे लाल दिसतात तेही रंगद्रव्याच्या अभावी आतील रक्तवाहिन्या दिसत असल्यामुळे. ती लाली आजाराची नव्हे. आजाराची लाली पाहायची ती पापणीच्या आतल्या अस्तरावर आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर.

या सगळ्या रचनेत संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग अश्रुनलिकेचा आहे. माणसात आणि कुत्र्यात वरच्या व खालच्या अशा दोन्ही पापण्यांना अश्रू वाहून नेणारी छिद्रे असतात, तर सशाला फक्त खालच्या पापणीच्या आतल्या बाजूस एकच छिद्र असते. तेथून निघालेली नलिका एका छोट्या अश्रुकोशातून पुढे हाडातून नाकपुडीपर्यंत जाते, वाटेत दोन ठिकाणी वळते आणि त्या वळणांवर अरुंद होते. सुरुवातीला साधारण दोन मिलिमीटर असलेली तिची रुंदी तेथे एक मिलिमीटरच्या आसपास येते. यांपैकी एक वळण वरच्या जबड्यातील पहिल्या दाढांच्या मुळांजवळ आहे आणि दुसरे पटाशीच्या दातांच्या मुळाजवळ. मार्ग एकच, तोही अरुंद आणि दातांना खेटून गेलेला. त्यामुळे दाताचे मूळ थोडे जरी वर सरकले तरी नलिका दाबली जाते, अश्रू तुंबतात आणि तुंबलेल्या अश्रूंत जिवाणू वाढतात.

सशाचे अठ्ठावीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात आणि दाढाही वाढतच असतात. ही वाढ झिजून निघावी म्हणून सशाने दिवसाचा मोठा भाग तंतुमय, चरबरीत गवत चावण्यात घालवायला हवा. रवंथ करणाऱ्या जनावराप्रमाणे आडवा जबडा फिरवत त्याने गवत दळले, की दाढांचे माथे घासले जातात. घरातल्या सशाला मात्र गाजर, कोबीची पाने, पोळीचा तुकडा, बिस्किटे आणि पाकिटातले गोळीखाद्य मिळते, आणि हे सारे दोन-चार चावण्यांत गिळता येण्याजोगे असते. झीज थांबली की दाढा तोंडात वाढतात, वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींना टेकतात आणि पुढे वाढायला जागा न उरल्याने मुळे उलट दिशेने, म्हणजे वरच्या जबड्यात डोळ्याच्या खोबणीकडे आणि खालच्या जबड्यात हनुवटीच्या कडेकडे, सरकू लागतात. जबड्याचे हाड मुळातच ठिसूळ असणे, आणि त्यामागे कॅल्शियमची व सूर्यप्रकाशातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाची कमतरता असणे, हे या आजाराचे एक प्रमुख कारण असावे असे मत ब्रिटिश पशुवैद्य फ्रान्सेस हार्कोर्ट-ब्राउन यांनी मांडले आहे. ते सर्वमान्य नसले तरी उन्हाचा कवडसाही न पोहोचणाऱ्या सदनिकेतील पिंजऱ्यांच्या संदर्भात ते गंभीरपणे घेण्यासारखे आहे. बुटक्या आणि चपट्या तोंडाच्या जातींत कवटीच आखूड असल्याने दातांची ठेवण जन्मतः बिघडलेली असू शकते. गोंडस चेहऱ्यासाठी केलेल्या निवडक पैदाशीची ही किंमत सशाला चुकवावी लागते.

अश्रुकोश आणि अश्रुनलिका यांना सूज येऊन त्यांत पू साठणे, म्हणजे अश्रुकोशशोथ, हा म्हणून सशांच्या नेत्रविकारांतील मध्यवर्ती आजार मानावा लागतो. झुरिच येथील पशुवैद्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या २८ सशांच्या अभ्यासात निम्म्या सशांमध्ये त्यामागे दातांचा आजार आढळला, तर सुमारे एकतृतीयांश सशांत निश्चित कारण सापडले नाही. बहुतेक सशांचा एकच डोळा बाधित होता. पाहणी लहान असली तरी तिचा कल रोजच्या दवाखान्यातील अनुभवाशी जुळतो. या आजाराची ओळख अगदी साध्या तपासणीने पटू शकते. सशाला टॉवेलात नीट गुंडाळून, पाठीला व मागच्या पायांना आधार देऊन, पशुवैद्य खालची पापणी हलकेच बाहेर ओढतो आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या बाजूला, बोटाच्या टोकाने दाब देतो. अश्रुकोशात पू असेल तर त्या एकुलत्या छिद्रातून पांढरा, दाट स्राव वर येतो. डोळ्याचे अस्तर त्या वेळी फारसे लाल नसतानाही हे घडू शकते, आणि तेव्हा आजार डोळ्यात नसून नलिकेत आहे हे स्पष्ट होते.

तुंबलेल्या नलिकेवरचा खरा उपचार म्हणजे ती धुऊन मोकळी करणे. डोळ्यात बधिरतेचे थेंब टाकून त्या छिद्रात एक बारीक, बोथट नळी सरकवली जाते आणि निर्जंतुक, कोमट सलाइन अतिशय हळू सोडले जाते. वाट मोकळी असेल तर त्याच बाजूच्या नाकपुडीत काही क्षणांत द्रव दिसतो. तुंबलेली असेल तर आधी दुधासारखा गढूळ, गुठळ्यांचा स्राव बाहेर पडतो आणि पुन्हा पुन्हा धुतल्यावर तो निवळत जातो. जोर लावल्यास नलिका फाटून द्रव डोळ्यामागच्या ऊतींत शिरू शकतो, म्हणून हे काम अनुभवी हातांचेच आहे. एकदा धुऊन भागत नाही. काही दिवसांच्या अंतराने ते अनेकदा करावे लागते, सोबत प्रतिजैविक थेंब चालू ठेवावे लागतात आणि एकूण उपचार कित्येक आठवडे चालतो. दातांचे मूळ नलिकेला कायमचे दाबत असेल तर पूर्ण बरे होणे शक्य नसते; झुरिचच्या अभ्यासातही पूर्ण बरे झालेले ससे निम्म्यांपेक्षा कमीच होते. ही गोष्ट मालकाला पहिल्याच भेटीत सांगितली जाणे आवश्यक आहे, कारण तसे न झाल्यास तो दर पंधरा दिवसांनी दवाखाना बदलतो आणि प्रत्येक ठिकाणी प्रतिजैविकाचा नवा प्रयोग होतो.

पापण्यांच्या आतल्या अस्तराची सूज, म्हणजे नेत्रश्लेष्मशोथ, स्वतंत्रपणेही होतो. पाश्चुरेला, बोर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जिवाणू त्यात सापडतात, पण यांतले काही निरोगी सशाच्या डोळ्यांत आणि नाकातही असतात. म्हणून नुसता जिवाणू सापडला यावरून तोच कारण आहे असे ठरत नाही, त्याला वाढायला वाव कोणी दिला हे पाहावे लागते. सर्वांत नेहमीचे कारण पिंजऱ्यातील अमोनिया हे आहे. सशाचे मूत्र अंथरुणात मुरले आणि हवा कोंडलेली असली की मूत्रातून निघणारा हा वायू डोळ्यांचे व नाकाचे अस्तर जाळतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने काहीच वाळत नाही, तेव्हा हा त्रास वाढतो. माणसाला उभ्याने वास येत नसला तरी सशाचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असते, तेथे वाकून वास घेतला म्हणजे स्थिती कळते. लाकडाचा बारीक भुसा, धुळीने भरलेला पेंढा, उदबत्ती आणि मच्छरांच्या अगरबत्तीचा धूर हीही कारणे आहेत. पापणी आत वळून केस डोळ्याला घासत असतील तर तेवढ्यानेही डोळा कायम गळतो, आणि त्यावर छोटी शस्त्रक्रिया हाच उपाय असतो.

पिल्लांच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी लागते. सशाची पिल्ले डोळे मिटलेली जन्मतात आणि साधारण दहाव्या ते बाराव्या दिवशी ते उघडतात. पण कधी कधी मिटलेल्या पापण्यांमागेच पू साठतो, पापणी फुगते आणि वेळेत उघडत नाही. कोमट सलाइनने भिजवलेल्या कापसाने कडा मऊ करून पापण्या हलक्या हाताने मोकळ्या केल्या आणि डोळा धुऊन प्रतिजैविक मलम लावले तर तो वाचतो. उशीर झाल्यास आतल्या आत स्वच्छमंडल सडते.

मोठ्या सशात स्वच्छमंडलाला जखम झाली, की तो डोळा अर्धवट मिटून बसतो, उजेड टाळतो आणि डोळ्यावर निळसर धुके आल्यासारखे दिसते. ही जखम, म्हणजे बुबुळावरचा व्रण, साध्या डोळ्यांनी अनेकदा दिसत नाही. फ्लुरोसीन नावाच्या नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या प्रकाशात पाहिले असता व्रणाची जागा हिरवी चमकते, आणि हा रंग काही मिनिटांनी त्याच बाजूच्या नाकपुडीत उतरला तर अश्रुनलिका मोकळी आहे हेही समजते. ही तपासणी स्वस्त आहे, तिला दोन मिनिटे लागतात, आणि ती केल्याशिवाय सशाच्या डोळ्यात कोणतेही स्टेरॉइडयुक्त औषध घालणे हा गंभीर अपराध समजला पाहिजे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले असते. त्याने लाली एका दिवसात उतरते आणि मालकाला हायसे वाटते, पण व्रण भरण्याची क्रिया थांबते, जिवाणूंना मोकळे रान मिळते आणि डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय ससा स्टेरॉइडला विशेष संवेदनशील आहे. डोळ्यातून शोषले गेलेले औषधही त्याची प्रतिकारशक्ती दाबू शकते आणि शरीरात दबून असलेले संसर्ग वर काढू शकते.

दबून असलेल्या अशा संसर्गांत एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या सूक्ष्म परजीवीचे स्थान मोठे आहे. हा परजीवी मूत्रातून पसरतो आणि गाभण मादीकडून पोटातील पिल्लाकडेही जातो. गर्भावस्थेत, नेत्रभिंग तयार होत असतानाच, तो त्यात शिरून बसतो आणि पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगाचे पातळ आवरण फोडतो. भिंगातील प्रथिने बाहेर पडताच डोळ्याच्या आत तीव्र सूज येते. तरुण सशाच्या एका डोळ्यात, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर, पांढरी किंवा पिवळसर गाठ दिसू लागणे ही याची ठळक खूण होय. बाहेरून पाहणाऱ्याला ती पुवाची गाठ वाटते आणि जिवाणूंमुळे तशी गाठ होऊही शकते, म्हणून निदान अनुभवानेच करावे लागते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी फक्त एवढेच सांगते, की या परजीवीशी सशाचा कधीतरी संबंध आला होता. फेनबेंडाझोल हे जंतनाशक २८ दिवस देणे ही प्रचलित पद्धत आहे, पण त्याची मात्रा चुकल्यास अस्थिमज्जेवर परिणाम होतो, त्यामुळे घरच्या घरी अंदाजाने ते देऊ नये. व्रण नसल्याची खात्री करून सूज उतरवणारे थेंब येथे द्यावे लागतात. बाहुली मोठी करण्यासाठी नेहमीचे अट्रोपिन काही सशांवर चालतच नाही, कारण त्यांच्या शरीरात ते मोडून टाकणारे विकर असते. जेथे सोय आहे तेथे भिंग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया लवकर केल्यास डोळा राहतो. नसेल तर दुखणारा, आंधळा डोळा काढणे हाच दयेचा मार्ग ठरतो. एका डोळ्याने ससा उत्तम जगतो. हा परजीवी क्वचित माणसालाही बाधतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तीने अशा सशाची मूत्राची ताटली स्वतः साफ करू नये.

डोळा गळत नाही पण एका बाजूचा हळूहळू बाहेर येत चालला आहे, असे दिसले तर डोळ्यामागे गळू असण्याची शक्यता धरावी. येथेही उगम बहुधा वरच्या दाढेच्या मुळाशीच असतो. सशाचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही, तो लोण्याच्या गोळ्यासारखा घट्ट असतो. म्हणून छेद देऊन तो निचरून जात नाही आणि गळवाच्या जाड आवरणातून औषधही आत पोचत नाही. दाढ काढणे, गळू आवरणासकट कोरून काढणे आणि पुष्कळदा डोळाही काढणे, एवढी मोठी शस्त्रक्रिया लागते. दोन्ही डोळे एकाच वेळी बाहेर येत असतील तर मात्र छातीतील गाठीमुळे रक्ताचा परतीचा प्रवाह अडल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि तो विषय संसर्गाच्या बाहेरचा आहे.

सर्वांगाच्या दोन आजारांचा उल्लेख येथे पुरेसा आहे. ट्रेपोनेमा नावाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या, माणसाला न लागणाऱ्या सशांच्या उपदंशात पापण्या, नाक, ओठ आणि जननेंद्रिय यांवर खपल्या धरतात. पेनिसिलिनच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी तो बरा होतो. दुसरा मिक्सोमॅटोसिस हा विषाणूजन्य रोग, जो १८९६ मध्ये उरुग्वेत प्रथम नोंदला गेला आणि १९५० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रानसशांचा नायनाट करण्यासाठी मुद्दाम सोडला गेला. पापण्या सुजून डोळे पुवाने चिकटणे हे त्याचे पहिले लक्षण असते आणि डास व पिसवा तो पसरवतात. परदेशांत वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः ब्रिटनमध्ये, सशाला त्याची लस दरवर्षी देणे अगत्याचे आहे.

प्रतिजैविकांबाबत सशाची एक अडचण आहे जी न जाणणाऱ्या हातून त्याचा जीव जातो. सशाचे पचन त्याच्या मोठ्या अंधांत्रात राहणाऱ्या उपकारक जिवाणूंवर चालते. लहान मुलांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिनचे सिरप, तसेच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही औषधे सशाच्या तोंडावाटे गेली, की ते जिवाणू मरतात, विष निर्माण करणारे क्लॉस्ट्रिडियम फोफावते आणि जुलाब लागून ससा काही दिवसांत दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम यांसारखी औषधे त्यामानाने सुरक्षित आहेत आणि डोळ्यांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, फ्युसिडिक आम्ल यांचे थेंब किंवा मलमे वापरली जातात. निवड शक्य तेथे पुवाच्या तपासणीवरून करावी. औषधाइतकेच वेदनाशमन महत्त्वाचे आहे. डोळा दुखणारा ससा ओरडत नाही, तो खाणे सोडतो, आणि सशाचे आतडे रिकामे राहून थांबले तर मूळ आजारापेक्षा तेच आधी जिवावर बेतते. बारा तास न खाल्लेला किंवा लेंड्या न टाकलेला ससा हा तातडीचा रुग्ण होय.

ससा भक्ष्य असल्याने तो आजार लपवतो, त्यामुळे घरात रोज पाहण्याच्या खुणा साध्याच पण नेमक्या असाव्या लागतात. डोळ्याखालचे केस ओले, चिकटलेले किंवा गळालेले आहेत का, कातडी लाल झाली आहे का, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस गुठळ्यांचे झाले आहेत का (कारण ससा त्यांनीच तोंड पुसतो), तो कडक पदार्थ सोडून मऊच निवडतो आहे का, हनुवटी ओली राहते आहे का, खालच्या जबड्याच्या कडेला बोटाला उंचवटे लागतात का, एवढे पाहिले तर आजार आठवडे आधी लक्षात येतो. ओला राहणारा भाग पावसाळ्यात माश्यांना अंडी घालायला जागा देतो, म्हणून तो कोमट सलाइनने पुसून कोरडा ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे. दुधाचे, मधाचे किंवा गुलाबपाण्याचे थेंब घालण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

सशाचा डोळा विज्ञानाला अपरिचित नाही. १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी रसायनांची दाहकता मोजण्यासाठी पांढऱ्या सशांचे डोळे वापरण्याची पद्धत मांडली, आणि नंतरची कित्येक दशके सौंदर्यप्रसाधनांची पारख त्याच डोळ्यांवर झाली. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठीचे प्राण्यांवरील प्रयोग २०१४ मध्ये बंद झाले. पण प्रयोगशाळेतले ससे तरुण, ठरावीक आहारावरचे आणि अल्पायुषी असत, त्यामुळे आठ-दहा वर्षे जगणाऱ्या घरगुती सशाच्या दाढा आणि अश्रुनलिका यांचा संबंध तेथून उमगण्यासारखा नव्हता. ते ज्ञान पाळीव सशांच्या दवाखान्यांतून आले आणि अजून येत आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा परळच्या १८८६ सालच्या महाविद्यालयापासूनची असली तरी बहुतेक गावांतील दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांसाठी उभे आहेत. सशाच्या दाढा पाहण्याचे लांब दर्शक आणि सशाला सोसणारी भूल देण्याची सवय मोजक्याच शहरी दवाखान्यांत मिळते. ससा घरी आणण्यापूर्वी असा दवाखाना जवळ आहे का, हे पाहून ठेवणे ही मालकाची पहिली जबाबदारी आहे.

आहाराच्या बाबतीत वाळलेले गवत दिवसरात्र समोर असावे, त्यात मारवेल किंवा हरळीसारखी गवते असावीत. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, प्रौढ सशाला तो कॅल्शियमच्या आधिक्यामुळे थोडाच द्यावा. गोळीखाद्य चमचाभर आणि बिस्किटे मुळीच नकोत. डोळ्यातून पाणी आलेला ससा दुसऱ्या दिवसापर्यंत न थांबता पशुवैद्याला दाखवावा, घरातल्या जुन्या थेंबांची बाटली उघडू नये, आणि डोळा तपासून झाल्यावर सशाचे तोंड उघडून दाढाही पाहाव्यात, जरूर वाटल्यास कवटीचे क्ष-किरण चित्र काढावे, असा आग्रह मालकानेच धरावा.